विश्लेषण : पूर्वजांना दिलेले वचन नातवंडांना लागू होते का?

हिब्रू धर्मग्रंथांत देवाने एका माणसाला दिलेले वचन शेकडो वर्षांनी जन्मलेल्यांनाही लागू होते. ते पिढ्यान् पिढ्या पुढे कसे जाते? वारस कोण ठरतो? आजोबांच्या चुकीची शिक्षा नातवाला होते का? आणि कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाला या प्रश्नाचे उत्तर १९६४ मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर का मागावे लागले?

जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याचे निधन झाले की त्याची जमीन मुलांच्या नावावर व्हायला तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. वारस नोंद होते, फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात आणि मग सातबाऱ्यावर नवी नावे चढतात. हक्क बापाच्या मृत्यूबरोबरच मुलांकडे आलेला असतो, पण नोंद करून घेतली नाही तर तो कागदावर दिसत नाही. जमिनीच्या वारशाची ही रीत आपल्याला ठाऊक आहे. पण वारसा वचनाचा असेल तर? दिलेला शब्द बापाकडून मुलाकडे कसा जातो? हिब्रू धर्मग्रंथांचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो.

‘करार’ म्हणजे नेमके काय?

मराठी वाचकाला बायबलचे ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ हे दोन भाग ऐकून माहीत असतात. यातल्या ‘जुना करार’ या भागातील मूळ हिब्रू ग्रंथांना यहुदी लोक ‘तनाख’ म्हणतात. ‘करार’ हा ज्या हिब्रू शब्दाचा अनुवाद आहे तो शब्द ‘ब्रीत’. दोन पक्षांनी शपथेने बांधून घेणे, असा त्याचा अर्थ. राजा आणि मांडलिक, दोन टोळ्या, दोन मित्र असे कोणीही ब्रीत करू शकत. हिब्रू ग्रंथांचे वेगळेपण एवढेच, की इथे एक पक्ष खुद्द देव आहे.

हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. याचे कारण उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात दिसते. अब्राहाम जनावरे मधोमध कापून त्यांचे भाग समोरासमोर मांडतो. अशा भागांमधून चालत जाणारा जणू म्हणत असे, की मी शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो. यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात या प्रथेचा स्पष्ट उल्लेख आहे. अब्राहामाच्या कथेत मात्र त्या भागांमधून अब्राहाम जात नाही. धुमसणारी शेगडी आणि जळती मशाल, म्हणजे देवाचे प्रतीक, तेवढे जाते. शपथेत स्वतःला बांधून घेतले ते देवाने. वचन देणाऱ्यावर भार जास्त आणि घेणाऱ्यावर कमी, अशी ही मांडणी आहे.

असे करार फक्त देवच करत असे का?

नाही. पश्चिम आशियात पिढ्यांना बांधणारे राजकीय करार सर्रास होत. हित्ती राजांनी मांडलिकांशी केलेले इसवी सनापूर्वी चौदाव्या-तेराव्या शतकातले करार मातीच्या पाट्यांवर मिळाले आहेत. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज मेंडनहॉल यांनी १९५४ मध्ये या करारांची बांधणी आणि मोशेच्या नियमशास्त्राची बांधणी शेजारी ठेवून दाखवली. आधी राजाने केलेल्या उपकारांची आठवण, मग अटी, मग साक्षीदार आणि शेवटी आशीर्वाद व शाप, असा तो क्रम आहे.

१९७० मध्ये इस्रायली अभ्यासक मोशे वाइनफेल्ड यांनी दुसरा प्रकार पुढे आणला, तो म्हणजे राजाने निष्ठावान सेवकाला दिलेले दानपत्र. मांडलिकाच्या करारात अटी असतात. दानपत्रात पूर्वी केलेल्या सेवेचे बक्षीस असते आणि ते वंशपरंपरेने चालते. सीनाय पर्वतावरचा करार पहिल्या प्रकारचा, तर अब्राहाम आणि दावीद यांना मिळालेली वचने दुसऱ्या प्रकारची, असे त्यांचे म्हणणे होते. ही विभागणी सगळ्यांना मान्य नाही, पण चर्चा अजूनही तिच्यापासूनच सुरू होते.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. आपल्याकडच्या ताम्रपटांत आणि इनामाच्या सनदांत पुत्रपौत्रादि वंशपरंपरेची भाषा असते. दान ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत, चालावे असे लिहिलेले असते. ‘गधेगाळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दानशिळांवर वर चंद्र-सूर्य आणि खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेली असते. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध शिलालेख याच जातीचा. अनुवाद या ग्रंथाच्या २८ व्या अध्यायातली आशीर्वाद आणि शापांची लांबलचक यादी वाचताना मराठी वाचकाला हे दगड आठवले तर नवल नाही.

मग राजाच्या आणि देवाच्या वचनात फरक काय?

राजाचे वचन राजाबरोबर संपते. असिरियाचा राजा एसरहद्दोन याने इसवी सनापूर्वी ६७२ मध्ये आपला मुलगा अशुरबनिपाल याच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ प्रजेकडून घेतली. पुढे जन्माला येणारे मुलगे आणि नातूही या शपथेने बांधले जातील, असे त्यात लिहिले होते. १९५५ मध्ये इराकमधल्या निमरुद येथे या शपथपत्राच्या पाट्या सापडल्या. पण शपथेनंतर साठ वर्षांत, इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये, असिरियाची राजधानी निनवे पडली. शपथ राहिली आणि राज्य गेले.

आपल्याकडेही तेच झाले. मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता तिथली अनेक प्रकारची इनामे १९५४ च्या इनाम निर्मूलन कायद्याने रद्द झाली. चंद्र-सूर्य जागेवरच होते, पण सनद देणारी सत्ता उरली नव्हती.

हिब्रू ग्रंथकारांनी हीच भाषा उचलली आणि देणाऱ्याच्या जागी न मरणारा पक्ष बसवला. त्यामुळे प्रश्नाची दिशा बदलली. देणारा कायम आहे, मग घेणाऱ्यांची साखळी टिकते का, हा खरा प्रश्न झाला.

वचन पुढच्या पिढीकडे आपोआप जाते का?

कथेत तरी नाही. अब्राहामाला संतती, भूमी आणि आशीर्वाद अशी तीन वचने मिळतात. त्याच्या मृत्यूनंतर देव उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात तेच वचन इसहाकाला पुन्हा देतो. २८ व्या अध्यायात बेथेल येथे दगड उशाला घेऊन झोपलेल्या याकोबाला ते स्वप्नात तिसऱ्यांदा मिळते. वडिलांना दिले होते म्हणून तुलाही आलेच, असे एकदाही गृहीत धरलेले नाही. प्रत्येक पिढीच्या नावाने नवी नोंद होते.

दुसरी गोष्ट, वारस नेहमी थोरलाच असतो असेही नाही. इश्माएल थोरला, पण कराराचा वारस इसहाक. एसाव थोरला, पण वचन याकोबाकडे. याकोब नातवंडांना आशीर्वाद देताना मुद्दाम हात उलटे करून उजवा हात धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर ठेवतो. मात्र बाजूला पडलेल्यालाही रिकाम्या हाताने पाठवलेले नाही. इश्माएलापासून बारा सरदार आणि मोठे राष्ट्र होईल, असे वचन उत्पत्तीच्या १७ व्या अध्यायात आहे. इस्लामी परंपरेत हजरत इस्माईल यांना जो मान आहे, तो जिंतूरच्या मुस्लीम वाचकांना सांगायला नको.

तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी. ज्याला संपूर्ण कनान देशाचे वचन मिळाले, त्या अब्राहामाच्या नावावर मरताना किती जमीन होती? एक गुहा आणि तिच्यालगतचे शेत. पत्नी सारा हिला पुरण्यासाठी हेब्रोनजवळची मकपेलाची ही जागा त्याने ४०० शेकेल चांदी मोजून विकत घेतली. वंशज चारशे वर्षे परक्या देशात गुलामीत राहतील, हेही त्याला वचनाबरोबरच सांगितलेले आहे. म्हणजे वचन ज्याला मिळते त्याने ते डोळ्यांनी पाहायचे नसते. त्याने ते पुढच्यांसाठी जपून ठेवायचे असते.

जे तिथे नव्हते, त्यांना करार कसा बांधतो?

कोणत्याही विचारी माणसाच्या मनात ही शंका येईल. माझ्या पणजोबांनी केलेल्या सहीने मी का बांधला जावा?

अनुवाद या ग्रंथात मोशे मरणापूर्वी लोकांना यार्देन नदीच्या अलीकडे एकत्र करतो. २९ व्या अध्यायात तो सांगतो, की हा करार इथे उभ्या असलेल्यांशी आहे तसाच आज इथे नसलेल्यांशीही आहे. जमावात पुढारी आहेत, बायका आहेत, लहान मुले आहेत, लाकडे तोडणारे आणि पाणी भरणारे परकेही आहेत. त्याआधी पाचव्या अध्यायात तर तो म्हणतो, की हा करार आपल्या पूर्वजांशी नव्हे, आज जिवंत असलेल्या आपल्याशी झाला आहे. वास्तविक ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण सीनायच्या प्रसंगी जन्मलेलेही नव्हते किंवा अगदी लहान होते.

ही चूक नाही, हीच युक्ती आहे. ‘पूर्वजांचा करार’ हा इतिहास होतो. ‘आपला करार’ म्हटले की जबाबदारी येते. म्हणून अनुवादाच्या ३१ व्या अध्यायात दर सात वर्षांनी सर्वांसमोर नियमशास्त्र वाचण्याची आज्ञा आहे. यहोशवा शखेम येथे लोकांना जमवून विचारतो, की कोणाची सेवा करायची ते आजच निवडा. बंदिवासातून परतल्यावर नहेम्याच्या काळात पुन्हा जाहीर वाचन होते आणि सही करणाऱ्यांची नावेच ग्रंथात नोंदवली जातात.

साखळी तुटते तेव्हाही ग्रंथ ते लपवत नाही. यहोशवाची पिढी गेल्यावर काहीच माहीत नसलेली पिढी उठली, असे शास्ते या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. कोणी बंड केले म्हणून नव्हे, कोणी सांगितले नाही म्हणून.

सांगायचे कसे? त्यासाठी काय सोय केली?

सोयी घरगुती आहेत. पहिली खूण शरीरावरची, मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंता. दुसरी खूण आठवड्याची, शनिवारी शब्बाथ म्हणजे काम बंद. तिसरी जिभेवरची, ‘शमा’ ही एकेश्वराची घोषणा. घरात बसताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना ती मुलांना शिकवावी, असे सांगितले आहे.

चौथी सोय जेवणाच्या ताटाभोवतीची. वल्हांडण म्हणजे पेसाहच्या सणाला मुलाने विचारायचे, की हे सगळे कशासाठी? आणि बापाने मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट सांगायची. ती सांगताना बापाने ‘त्यांना सोडवले’ असे न म्हणता ‘आम्हाला सोडवले’ असे म्हणायचे. पुढे रब्बींनी नियमच केला, की प्रत्येक पिढीतल्या प्रत्येकाने आपण स्वतः मिसरमधून बाहेर पडलो असे समजावे. या रात्री वाचायच्या पोथीला ‘हग्गादा’, म्हणजे ‘सांगणे’, असे म्हणतात.

आजोबांच्या पापाची शिक्षा नातवाला होते का?

वचन वारशाने येत असेल तर दोषही येईल का, हा त्याचा कडू भाग. दहा आज्ञांमध्ये बापाच्या अपराधाचे पारिपत्य तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत होते आणि दया मात्र हजारोंवर होते, असा उल्लेख आहे. हिशेब दयेच्या बाजूने झुकलेला आहे, तरी चौथ्या पिढीतल्या निरपराध पोराचे काय, हा प्रश्न उरतोच.

ग्रंथ स्वतःशीच वाद घालतो. अनुवादाच्या २४ व्या अध्यायातला कायदा बापासाठी मुलाला किंवा मुलासाठी बापाला देहदंड द्यायचा नाही, असे बजावतो. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने जेरुसलेम आणि तिथले मंदिर उद्ध्वस्त केले. बंदिवासात नेलेल्या लोकांत त्या काळी एक म्हण होती, की आंबट द्राक्षे खाल्ली बापांनी आणि दात आंबले मुलांचे. यहेज्केल संदेष्टा ही म्हण यापुढे तोंडातून काढू नका, असे म्हणतो. आपल्या ग्रंथाचा १८ वा अध्याय तो याच प्रश्नाला देतो. नीतिमान बाप, दुष्ट मुलगा आणि पुन्हा नीतिमान नातू अशी तीन पिढ्यांची उदाहरणे घेऊन तो सांगतो, की प्रत्येकाचा हिशेब वेगळा. यिर्मयानेही ती म्हण नाकारली. नियम दगडाच्या पाट्यांऐवजी हृदयावर लिहिला जाईल असा नवा करार त्याने पुढे ठेवला.

थोडक्यात, वचनाचा वारसा कुळाचा राहिला, पण अपराधाची जबाबदारी व्यक्तीची झाली.

दावीदाच्या घराण्याला दिलेले ‘कायमचे’ राज्य गेले, मग वचन खोटे ठरले का?

शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात दावीदाला घराणे आणि गादी कायम राहील, असे वचन मिळते. हे घराणे केवळ कथेतले नव्हे. उत्तर इस्रायलमधल्या तेल दान येथे १९९३ मध्ये सापडलेल्या, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख आहे. हे घराणे सुमारे चारशे वर्षे टिकले आणि ५८६ मध्ये संपले.

ग्रंथात यावर दोन उत्तरे शेजारी-शेजारी नांदतात. राजे या ग्रंथात मरणोन्मुख दावीद शलमोनाला सांगतो, की मुलगे नीट वागले तर गादी राहील. म्हणजे वचनाला अट आली. स्तोत्रसंहितेतले ८९ वे स्तोत्र मात्र अट पुढे करून देवाची सुटका करत नाही. आधी वचन सविस्तर आठवते आणि मग थेट जाब विचारते, की ती जुनी माया कुठे गेली? धर्मग्रंथात देवाविरुद्धची तक्रार जपून ठेवणे हे वचनावरच्या विश्वासाचे लक्षण आहे. ज्याच्याकडून अपेक्षाच नाही, त्याच्याकडे कोणी तगादा लावत नाही.

वारसात मुलींना वाटा होता का?

गणना या ग्रंथाच्या २७ व्या अध्यायात महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणी मोशेसमोर उभ्या राहतात. वडील सलाफहाद वारले, भाऊ नाही. मुलगा नाही म्हणून वडिलांचे नाव कुळातून का पुसले जावे, असा त्यांचा सवाल. मोशे निकाल स्वतः देत नाही, देवापुढे ठेवतो. बहिणींचे म्हणणे बरोबर आहे, असा निकाल येतो. पुढे ३६ व्या अध्यायात त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट जोडली गेली. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती १९९४ मध्ये आणि देशभरात २००५ मध्ये आली, हे लक्षात घेतले की या पाच बहिणींच्या धाडसाचे मोल कळते.

जमिनीबद्दलही एक तिढा आहे. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात देव म्हणतो, की जमीन माझी आहे, तुम्ही इथे उपरे आणि कुळे आहात. म्हणून ती कायमची विकायची नाही, पन्नासाव्या वर्षी मूळ घराण्याकडे परत करायची. वचनाने मिळालेल्या भूमीचे सातबाऱ्यावरचे मालक देव आणि माणसे कुळे, असा हा व्यवहार आहे. आणि कुळाने नीट कसले नाही तर भूमी त्याला ओकून टाकते, असेही हा ग्रंथ बजावतो.

कोकणात हे वचन कसे टिकले?

या सगळ्याची कसोटी पाहायची तर परदेशात जायला नको. रायगड जिल्ह्यातला बेने इस्रायली समाज आपल्याच भाषेत बोलतो. आपल्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगाव येथे फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे त्यांची परंपरा सांगते. पोथ्या समुद्रात गेल्या. ते केव्हा आले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियाई यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश आढळले.

किहीम, रोहा, दिवे अशा गावांत राहून किहीमकर, रोहेकर, दिवेकर झालेल्या या लोकांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते. उरले होते ते सुंता, शब्बाथ, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शमा’. सणांची हिब्रू नावे विस्मरणात गेली आणि ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’, ‘दारफळणीचा सण’ अशी मराठी नावे रूढ झाली. नवस फेडताना एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचा मलिदा होतो. अलिबागजवळ खंडाळे येथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. एलियाहू हा सुंतेच्या कराराचा साक्षीदार मानला जातो, हे इथे ध्यानात घ्यावे.

पुढे मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. अलिबागच्या सिनेगॉगचे नावच ‘मागेन अबोथ’, म्हणजे ‘पूर्वजांची ढाल’. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली. १८७४ च्या पुण्याच्या हग्गादेत तर साड्या नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकरी करताना चित्रात दिसतात. मिसरमधून ‘आम्ही’ बाहेर पडलो, हे आता मराठीतून सांगितले जाऊ लागले. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अब्राहामाची, योसेफाची आख्याने कीर्तनात आणली. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी हा साज आपल्या हरिदासांचा आणि कथा अब्राहामाच्या कराराची, असा तो मेळ होता.

१९६४ मध्ये काय झाले?

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर हजारो बेने इस्रायली तिकडे गेले. तिथे लग्नाची नोंदणी रब्बींच्या हाती. घटस्फोट आणि विधवेच्या पुनर्विवाहाचे यहुदी धर्मशास्त्रातले नियम या समाजाला शतकानुशतके माहीत नव्हते, मग त्यांचा वंश शुद्ध कसा मानायचा, असा आक्षेप काही रब्बींनी घेतला. मुख्य रब्बी परिषदेने १९६२ मध्ये विवाह नोंदवणाऱ्यांना बेने इस्रायली वधूवरांच्या आधीच्या पिढ्या तपासण्याची सूचना दिली.

ज्यांनी पोथीशिवाय, रब्बीशिवाय करार जपला त्यांनाच आता पुरावा मागितला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, बेने इस्रायली सर्व बाबतींत यहुदीच आहेत अशी भूमिका घेतली. त्यानंतर रब्बी परिषदेने सूचनेतून त्यांचे नाव काढले. आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

मग वारस ठरतो कशावरून?

जेरुसलेममधल्या वादात दोन्ही बाजूंकडे ग्रंथाचा आधार होता. एक बाजू वंशावळीचे दाखले मागत होती आणि तनाखमध्ये वंशावळींना तोटा नाही. दुसरी बाजू म्हणत होती, की आम्ही आठव्या दिवसाची खूण, शनिवार आणि ‘शमा’ सोडले नाही. याच तनाखमध्ये रूथ नावाची मवाबी स्त्री आहे. ती परक्या राष्ट्रातली, तिच्यामागे कसलीही वंशावळ नाही. सासूबरोबर ती बेथलेहेमला येते, तिचा देव आणि तिचे लोक आपले मानते. तिचाच पणतू म्हणजे दावीद. कायमच्या गादीचे वचन ज्या घराण्याला मिळाले, त्या घराण्याची पणजी कराराबाहेरून आलेली होती.

ग्रंथाचा कल यावरून दिसतो. रक्ताचे नाते वचनाच्या दारापर्यंत आणून सोडते. आत जायचे की नाही, हे प्रत्येक पिढीला स्वतः ठरवावे लागते आणि पुढच्या पिढीला सांगावे लागते. कोकणातल्या तेल्याने शनिवारी घाणा बंद ठेवला तेव्हा त्या दिवसाची कमाई बुडाली. पण मुलाने कारण विचारले आणि बापाने सांगितले. त्या घरात कराराची नोंद पुन्हा एकदा झाली.